कार्डावरची चमकी गळतेय? गळालेली चमकी आधी उलटी करून बघा

कार्ड देऊन दोन-तीन दिवस झाले की फोन येतो. सुरुवात कौतुकानं होते. "वैनी, कार्ड लई भारी झालंय बरं का." मग जरा घसा खाकरला जातो आणि खरं दुखणं बाहेर येतं. "पण तेवढी चमकी गळायलीय हो. सोफा, उशा, लेकराचे केस, समदीकडं." मागच्या संक्रांतीला एका काकूंनी माझं हळदीकुंकवाचं आवतन देवासमोर ठेवलं होतं. संध्याकाळी निरांजनाच्या तुपात हिरवी चमकी तरंगत होती. त्यांनी तक्रार केली नाही, नुसता फोटो पाठवला. तो जास्त लागला.

मी परभणीत घरीच कार्डं करते. डोहाळजेवण, बारसं, महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आवतन, आहेराची पाकिटं, असं चालू असतं. सुरुवातीला मी चमकीला दोष दिला. महागाची आणली, तीही गळाली. मग गोंदाला दोष दिला. गोंद बदलला, तरी गळाली. शेवटी थोरल्या जाऊबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "तुझी दिवाळीची कार्डं कधी गळत नाहीत बघ. लग्नसराईतलीच गळतात." मला हे इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. सामान तेच, हात तोच, फक्त हवा वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि थंडीत कृषी विद्यापीठातल्या तापमानाचा आकडा दहाच्या खाली आला की पेपरात बातमी येते. अशा गावात बारा महिने एकच पद्धत चालणार कशी?

म्हणून गोंद बदलण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. त्याला काही खर्च नाही.

गळालेल्या चमकीची पाठ

कार्ड काळ्या कागदावर धरून मागून दोन टिचक्या मारा. जी चमकी पडेल ती बोटानं न पुसता तशीच राहू द्या. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा, नाहीतर शाळेच्या कंपासपेटीतलं भिंग असेल तर उत्तम. चमकीचे कण षटकोनी असतात. पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर चढवतात, वर रंग देतात आणि ती फिल्म बारीक कापतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे कापताना फिल्म वाया जात नाही. तर त्या षटकोनाची पाठ बघायची.

पाठ अगदी स्वच्छ, आरशासारखी असेल तर त्या कणाला गोंद कधी लागलाच नव्हता. तो नुसता बसला होता.

पाठीला पारदर्शक पापुद्रा असेल तर चमकीनं गोंद धरला, पण गोंदानं कागद सोडला.

पाठीला कागदाची लव असेल तर गोंदानं आपलं काम चोख केलंय, कागदच कच्चा आहे. मऊ, जाडसर हातकागदावर असं होतं. त्याला उपाय एकच. चमकीचं काम वेगळ्या घट्ट कार्डशीटच्या तुकड्यावर करायचं आणि तो तुकडा हातकागदावर चिकटवायचा.

माझ्याकडे बहुतेक वेळा पहिला प्रकार निघतो, म्हणून त्याच्यावर जरा बसून बोलू.

पाठ स्वच्छ: गोंद आधीच वाळला होता

पांढरा गोंद (आपण सगळ्याच पांढऱ्या गोंदाला एकाच नावानं हाक मारतो, ते सोडा) म्हणजे पाण्यात विखुरलेलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. पाणी गेलं की ते कण एकमेकांना धरतात आणि पारदर्शक थर तयार होतो. यातलं पाणी दोन वाटांनी जातं, वर हवेत आणि खाली कागदात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पंख्याखाली, कोरड्या कागदावर दोन्ही वाटा एकदम उघड्या असतात. तुम्ही ब्रशनं वेल काढता, पानं काढता, देठ काढता आणि मग कौतुकानं चमकीची डबी उघडता. तोवर पहिल्या पानावर साय धरलेली असते. दुधावरच्या सायीवर साखर टाकली तर ती वरच राहते, तसंच हे. चमकी दिसते छान. कार्ड पाकिटात गेलं, घासलं, की उतरते.

ओळखायची खूण सोपी आहे. कार्ड डोळ्यांच्या पातळीला आणून उजेडाकडे तिरकं धरा. गोंदावर ओली चकाकी दिसली पाहिजे. कडेनं चकाकी गेली, गोंद दुधी दिसायचा थांबला, की तुमची वेळ संपली. त्यावर चमकी टाकू नका. पुन्हा पातळ हात फिरवा आणि लगेच टाका.

मी आता उन्हाळ्यात असं करते. पंखा बंद. हो, घाम येतो. सकाळी सहा ते नऊ एवढंच चमकीचं काम, बाकी कापणं-दुमडणं दुपारी. एका वेळी एकच पान नाहीतर एकच अक्षर. ब्रशनं गोंद लावायचा, लगेच चहाच्या गाळणीतून चमकी भुरभुरायची, मग पुढचं पान. गाळणी जुनी घ्या, वेगळी ठेवा, पुन्हा चहाला वापरू नका. चिमटीनं टाकायची सवय असेल तर रांगोळीचा हात कामी येतो. रांगोळीत जशी चिमूट जमिनीजवळ ठेवतो तशी कागदाजवळ ठेवा. वरून उधळलेली चमकी आडवी पडत नाही, काठावर उभी राहते, आणि उभ्या कणाला गोंद फक्त कडेपुरता लागतो.

गोंदात ग्लिसरीनचा थेंब टाकला की तो हळू वाळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं आहे, हळू वाळतो. पण मग पाऊस लागला की चिकटच राहतो. मी दोनदा करून सोडून दिलं.

आता कूलर. ही आपल्या भागातली खास भानगड आहे. उकडतंय म्हणून कूलर लावला की खोलीत दमट हवा येते. गोंद वाळत नाही, कागद सादळतो, आणि झोतानं अर्धी चमकी भिंतीवर जाते. म्हणजे उन्हाळ्यात बसून पावसाळ्याचे त्रास. कूलरच्या खोलीत काम करायचंच नाही, एवढा एक नियम मी पाळते.

पाठ स्वच्छ असण्याचं दुसरं कारण म्हणजे थरावर थर. गोंदाला चिकटतो तो पहिला थर. त्यावर बसलेल्या दुसऱ्या थराला खाली गोंद नाही, चमकीच आहे. म्हणून चमकी टाकल्यावर वर बटर पेपर ठेवून बोटाच्या पोटानं हलकंसं दाबा, मिनिटभर थांबा, मग कार्ड उभं करून ठोका. वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मऊ कोरड्या ब्रशनं एकदा झाडा. हा झाडण्याचा हात मी आधी देतच नव्हते. रात्री केलं, सकाळी दिलं. त्या घाईत गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर किती चमकी गेली असेल, देव जाणे.

कणाच्या आकाराचंही बघा. बारीक चमकी साधारण ०.२ मिलिमीटरची असते, मध्यम ०.४ च्या आसपास, आणि ती जाडी भरड टिकल्यांसारखी मिळते ती १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. पातळ गोंद बारीक चमकीला पुरतो, भरड चमकीला नाही. दोन्ही हव्या असतील तर भरड आधी बसवा, जरा जाड गोंदावर, आणि मधल्या फटी बारीक चमकीनं भरा. उलट केलं तर बारीक चमकी सगळा गोंद खाऊन टाकते आणि भरडीला काही उरत नाही.

आणि हे सगळं नको असेल तर डबल साइड टेप. खरं सांगते, लग्नसराईतली पन्नास-पन्नास कार्डं मी आता टेपवरच करते. टेपची मोठी शीट मिळते. तिच्यातून आकार कापायचा, चिकटवायचा, वरचा कागद काढायचा, चमकी ओतायची, बोटानं घासायची. वाळायचा प्रश्नच नाही, त्यामुळे हवेचाही नाही. कडा धारदार येतात. तोटा एवढाच की वेलबुट्टीचा हाताचा डौल त्यात येत नाही, कात्रीचा येतो. पैठणीच्या काठावरचा मोर टेपवर छान उतरतो, पण नाजूक जाईचा वेल ब्रशनंच करावा.

पाठीला पापुद्रा: कागदानं सोडलं

हे गुळगुळीत चकचकीत कागदावर होतं. प्रेसमधून उरलेला आर्ट पेपर फुकट मिळतो म्हणून आपण आणतो, आणि त्यावरचा थर गोंद आत शिरू देत नाही. गोंद वरच वाळतो आणि कार्ड वाकवलं की पापुद्र्यासकट निघतो. गोंद लावायच्या जागी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकंसं घासलं तर पकड येते. साधं मॅट कार्डशीट घेतलं तर तेही करावं लागत नाही.

दुसरं कारण हाताचं तेल. शेंगदाण्याची चटणी खाऊन तसेच कार्डाला बसलात तर बोटांचे ठसे गोंदापेक्षा आधी कागदात शिरतात. हे मी कुणावर ढकलत नाही, माझ्याच घरातला अनुभव आहे.

घडीवर चमकी देऊ नका. कुठलाही गोंद तिथं टिकत नाही.

गळत नाही, पण नको तिथं बसते

काकूंच्या तुपातली हिरवी चमकी मी नंतर आठवून आठवून शोधली. त्या कार्डावर हिरवं काम खालच्या कोपऱ्यात होतं आणि ते जागेवर शाबूत होतं. मग सुटी चमकी आली कुठून? ती कार्डाच्या पाठीला, पाकिटाच्या आत, मोकळ्या जागेवर नुसती बिलगून आलेली होती. जानेवारीतली कोरडी हवा, अंगावर सिंथेटिक साडी, वर स्वेटर. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज कागदावर आणि चमकीवर असते. अशी बिलगलेली चमकी ठोकून पडत नाही. दोन दिवसांनी ही वीज उतरली की आपोआप सुटते, गिऱ्हाइकाच्या घरी.

यावर पुरचुंडी. मऊ सुती कापडाच्या चौकोनात चमचाभर टाल्कम पावडर घ्या, गाठ मारा. गोंद लावायच्या आधी कोऱ्या कार्डावर ही पुरचुंडी दोन-चारदा हलकी आपटा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. पावडर दिसेल इतकी नको, नाहीतर गोंदच धरणार नाही. नुसता हात फिरल्यासारखा वाटला पाहिजे. मोकळ्या जागेवरची चमकी मग एका टिचकीत खाली येते. सुती साडी नेसून काम केलं तर अर्धा त्रास तसाच कमी होतो. आणि पाकिट नेहमी दुसऱ्या खोलीत भरा. चमकीच्या टेबलावर पाकिट उघडं ठेवणं म्हणजे पिठाच्या गिरणीत काळा कोट घालून बसणं.

गठ्ठा चिकटला तर

ही माझी सगळ्यात महागाची चूक. मे महिन्यात नांदेडला बारशाची साठ कार्डं द्यायची होती. नीट वाळलेली, झाडलेली, तपासलेली. एकावर एक रचून, दोऱ्यानं घट्ट बांधून गाडीच्या डिकीत ठेवली. वाटेत बसमतला नातेवाइकांकडे जेवायला थांबलो, गाडी उन्हात. नांदेडला गठ्ठा सोडला तर कार्डं पाटवड्यांसारखी एकमेकांना चिकटलेली. सोडवताना एकाची चमकी दुसऱ्याच्या पाठीवर गेली.

वाळलेला पांढरा गोंद कायमचा कडक राहतो असा माझा समज होता. तसं नसतं. तो साधारण तीस ते चाळीस अंशांच्या पट्ट्यात मऊ पडायला लागतो. उन्हातल्या बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. वरून गठ्ठ्याचा दाब. म्हणजे मी स्वतःच साठ कार्डं पुन्हा चिकटवायला ठेवली होती.

तेव्हापासून प्रत्येक दोन कार्डांमध्ये बटर पेपर असतो, गठ्ठा उभा ठेवते, दोरा सैल, आणि प्रवासात पिशवी पायाशी, डिकीत नाही. असं चिकटलंच तर ओढू नका. सावलीत, थंड खोलीत तासभर ठेवा. गोंद पुन्हा कडक झाला की पातळ पट्टी सरकवून हळूहळू सुटतात. सगळी नाही सुटत.

कार्ड वाकणं, रंग सुटणं

गोंदातलं पाणी एका बाजूनं कागदात शिरतं, ती बाजू आधी फुगते आणि वाळताना आखडते, म्हणून कार्ड पापडासारखं वळतं. २५० ते ३०० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) कार्डशीट घ्या. पातळ कागदावर मोठं चमकीचं काम करूच नका. तरी वळलं तर पूर्ण वाळल्यावर बटर पेपर वर ठेवून जाड पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर.

रंग सुटतो तो बहुतेक स्वस्त चमकीचा. लाल आणि गुलाबी जास्त. नवी पुडी आणली की पांढऱ्या कागदावर गोंदाचा एक ठिपका, त्यात चिमूटभर चमकी, सकाळी बघायचं. ठिपक्याभोवती गुलाबी वलय आलं तर ती पुडी रांगोळीला द्या. पावसाळ्यात ही परीक्षा दोन दिवस चालू द्या, कारण गोंद तितका वेळ ओला राहतो आणि रंग ओल्यातच सुटतो. श्रावण-भाद्रपदात वाळवणाला मी तसेही दोन पूर्ण दिवस धरते. महालक्ष्म्यांची आवतनं म्हणून पोळ्याच्या आधीच हातावेगळी करते.

सांडलेली चमकी

झाडूनं झाडू नका, ती उडून सगळीकडे जाते. कणकेचा छोटा गोळा घट्ट मळून टेबलावर टिपत जा, सगळी त्यात येते. गोळा नंतर कचऱ्यात, गाईला नाही. फरशी ओल्या कागदानं पुसायची आणि कागदही कचऱ्यातच. मोरीत, बेसिनमध्ये धुऊन सोडू नका. हे प्लॅस्टिक आहे, गाळात जाऊन बसतं. युरोपीय महासंघानं ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली ती याचसाठी. आपल्याकडे कागदासारख्या सेल्युलोजपासून केलेली चमकी ऑनलाइन मिळते, महाग पडते, पण लहान मुलांच्या कामाला मी तीच देते. लेकराच्या डोळ्यात कण गेला तर चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, खुपणं थांबलं नाही तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

कार्डं झालीत, उद्या द्यायचीत आणि गळतायत

आता खऱ्या अडचणीचं. आधी सगळी कार्डं एकेक करून ठोका आणि ब्रशनं झाडा, जे सुटायचं ते इथंच सुटू द्या. मग एक भाग गोंद आणि एक भाग पाणी असं पातळ करून, मऊ ब्रशनं चमकीवरून एकदाच, एकाच दिशेनं हात फिरवा. घासायचं नाही. आधी दुधी दिसेल, घाबरू नका, वाळल्यावर पारदर्शक होतं. झळाळी थोडी उतरते. काही जण हेअर स्प्रे मारतात. तोही चालतो, हातभर अंतरावरून, खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब, कारण तो पेट घेतो. पण मला त्याचा वास बारशाच्या कार्डाला आवडत नाही.

कार्डं जमिनीवर जुन्या चादरीवर सुटी सुटी पसरा. सकाळी प्रत्येकाच्या चमकीवर सेलोटेपचा तुकडा नुसता टेकवून उचला. टेपवर दोन-चार कण आले तर द्यायला हरकत नाही. टेप भरून आली तर आणखी एक हात आणि आणखी एक रात्र. आणि गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करून संध्याकाळची वेळ मागून घ्या.